गोल्डर्स ग्रीनचा ओसी आणि चौघांचं गणित



गेले काही अंक गुडघे, रक्तदाब आणि साखर यांच्यातच गेले. आजी-आजोबांनी वाचलं, मुलांनी पान उलटलं. म्हणून या खेपेला मुलांच्या बाजूनं लिहिते आहे, पण मोठ्यांनीही पान सोडायचं नाही. विषय आहे अमेरिकन फुटबॉल. हो, तोच, हेल्मेटवाला. सप्टेंबर लागला की आपल्या पुष्कळ घरांत रविवारी संध्याकाळी टीव्ही नातवंडांच्या ताब्यात जातो, आणि आपण शेजारी बसून विचारतो, "अरे, हे दोन पावलं धावतात नि लगेच धडपडतात, यात बघायचं काय?" नातवंडं सांगतात, पण इंग्रजीतून आणि भराभर. तेव्हा जरा सावकाश, आपल्या भाषेत.

शिवाय हा खेळ आपल्याला अगदीच परका आहे असंही नाही. त्यातला एक नावाजलेला खेळाडू जन्मानं गोल्डर्स ग्रीनचा. आपल्यातले कितीतरी जण त्या भागात राहिले, निदान खरेदीला तरी गेलेच. ओसी उमेन्योरा त्याचं नाव, जन्म १६ नोव्हेंबर १९८१. आईवडील नायजेरियाचे, इग्बो समाजातले. सात वर्षांचा असताना घर परत नायजेरियाला गेलं, आणि चौदाव्या वर्षी हा मुलगा अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या ऑबर्न गावी पोचला. एका बालपणात तीन देश. मुंबई, इस्रायल आणि मग इंग्लंड असा प्रवास ज्यांनी केला, त्यांना हे वेगळं सांगायला नको. २००३ साली न्यूयॉर्क जायंट्स या संघानं त्याला घेतलं, आणि तिथंच त्याचं नाव झालं.

आता खेळ थोडक्यात. मैदान १०० यार्डांचं, दोन्हीकडे अकरा-अकरा जण. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्यांना. चेंडू घेऊन धावता येतं किंवा तो पुढं फेकता येतो. फेकणारा बहुतेक एकच, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. त्याच्यापुढं पाच आडदांड रखवालदार, प्रत्येकी वीस-बावीस स्टोनचे. मालकानं चेंडू फेकेपर्यंत त्याला कुणी हात लावू नये, एवढंच त्यांचं काम. राहिलेले पाच जण पुढं पळून चेंडू झेलायला तयार. चेंडू हलल्यापासून हातातून सुटेपर्यंत क्वार्टरबॅकला साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात समोरच्यांनी भिंत फोडून त्याला लोळवलं, तर त्याला म्हणतात सॅक. प्रत्येकाच्या नावावर सॅकची अधिकृत नोंद १९८२ पासून ठेवतात. दोघांनी मिळून पाडलं तर दोघांना अर्धा-अर्धा, अगदी वाटणी करून.

आम्ही माझगावला लहानपणी हुतुतू खेळायचो. तिथं उलट असतं, एकटा आत येतो आणि सात जण त्याला धरतात. इथं एकटा मध्ये उभा, भोवती भिंत, आणि धरणाऱ्यांनी आत शिरायचं. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. हुतुतूत कोपऱ्यातला गडी घोटा पकडतो आणि टाळ्या त्याला पडतात; पण मधल्यांनी परतीची वाट अडवलेली नसेल तर तो घोटा हातात येऊन सुटतो. मार्च २०२५ मध्ये कबड्डीचा विश्वचषक इथंच वेस्ट मिडलंड्समध्ये झाला. तो ज्यांनी पाहिला, त्यांना मी काय म्हणते ते पटेल. पकड एकाची दिसते, ती केलेली असते चौघांनी. अमेरिकन फुटबॉलमध्ये हे 'कोण कुठं उभा' प्रकरण इतकं वाढवलंय की त्यासाठी वेगळा पगारी माणूस असतो. त्याला बचावाचा समन्वयक म्हणतात. ओसीची गोष्ट खरं म्हणजे अशा समन्वयकांची गोष्ट आहे.

३० सप्टेंबर २००७ ची रात्र. जायंट्सच्या मैदानावर फिलाडेल्फिया ईगल्स आले होते. त्या एका सामन्यात ओसीनं ईगल्सच्या डॉनोव्हन मॅकनॅबला सहा वेळा लोळवलं. सहा! पुष्कळ चांगल्या खेळाडूंना अख्ख्या मोसमात तेवढे जमत नाहीत. संघाचे मिळून बारा झाले, आणि एका सामन्यातल्या सर्वांत जास्त सॅकच्या विक्रमाशी बरोबरी झाली. जायंट्स १६-३ नं जिंकले. उरलेल्या सहांपैकी तीन मथायस किवानुकाचे, दोन जस्टिन टकचे, एक मायकेल स्ट्रेहनचा. हे किवानुका आडनाव आपल्या वयाच्या मंडळींना ओळखीचं वाटेल. युगांडाचे पहिले पंतप्रधान बेनेडिक्टो किवानुका, ज्यांना १९७२ साली ईदी अमीनच्या राजवटीत मारलं, त्यांचा हा नातू. त्याच वर्षी युगांडातले आशियाई लोक बॅगा घेऊन इथल्या विमानतळांवर उतरत होते. जग लहान आहे म्हणतात ते खोटं नाही.

पण सहा सॅक झाले कसे? ओसी होता चपळ, पहिलं पाऊल विजेसारखं, हे खरंच. पण तो उभा कुठं होता ते बघा. आपल्या बाजूच्या उजव्या टोकाला. उजव्या हातानं फेकणारा क्वार्टरबॅक फेकायला वळला की त्याची पाठ नेमकी त्याच बाजूला येते. म्हणजे ओसी न दिसणाऱ्या अंगानं यायचा. त्या अंगाचा ईगल्सचा नेहमीचा रखवालदार दुखापतीमुळं बाहेर, आणि त्याच्या जागी विन्स्टन जस्टिस नावाचा पोरगा. व्यावसायिक सामन्यात सुरुवातीपासून उभं राहायची त्याची ती पहिलीच वेळ! अशा वेळी शेजारच्यानं हात द्यायचा असतो, किंवा मागं एखादा जादा माणूस ठेवायचा असतो. ती मदत त्याला फारशी मिळालीच नाही. दुसऱ्या टोकाला स्ट्रेहनसारखा कसलेला माणूस, मधे टक, बाजूनं किवानुका. जो तो आपापल्यापुढच्या संकटात.

मला त्या सामन्यात सगळ्यांत जास्त वाईट त्या जस्टिसबद्दल वाटतं. मी नवी असताना एका हॉस्पिटलात, नाव राहू दे, मला अठ्ठावीस खाटांच्या वॉर्डवर नाइट ड्यूटीला जवळजवळ एकटीला ठेवलं होतं. पहाटे एक पेशंट खाटेवरून पडला. सकाळी जाबजबाब झाला तो माझा. ज्या बाईनं ड्यूटी लावली होती तिला कुणी काही विचारलं नाही. जस्टिसचंही तसंच. दुसऱ्या दिवशी पेपरात नाव त्याचं. पण पुढं तो टिकला, २००९ मध्ये त्याच ईगल्सकडून दुसऱ्या टोकाला नियमित खेळला, हेही मुलांनी लक्षात ठेवावं.

त्या वर्षी जायंट्सचा नवा समन्वयक होता स्टीव्ह स्पॅग्नुओलो. गंमत अशी की तो आधी आठ वर्षं ईगल्सकडेच होता, तिथल्या जिम जॉन्सन या नामांकित समन्वयकाच्या हाताखाली शिकलेला. त्याच्या विद्येचं सार म्हणजे चौघांचं गणित. ते एकदा समजलं की हा खेळ निम्मा समजला.

गणित असं. क्वार्टरबॅकला धरायला चार जण धाडले तर अकरातले सात मागं उरतात. झेलणारे जास्तीत जास्त पाच. पाचांवर सात जणांची नजर, फेकणार कुणाकडं? पण चौघांना पाच रखवालदार भारी पडले, तर क्वार्टरबॅक आरामात उभा राहतो, आणि कधी ना कधी कुणीतरी मोकळा सापडतोच. मग सहा धाडावेत? सहा धाडले की मागं पाचच राहिले. एक जरी चुकला तरी गोल, म्हणजे इथल्या भाषेत टचडाउन. ह्या जास्त माणसं धाडण्याला ब्लिट्झ म्हणतात. आपल्या जुन्या इंग्रज शेजारणींना ब्लिट्झ म्हटलं की १९४० चं लंडन आठवायचं. शब्द तोच.

वॉर्डवर काम केलेल्यांना हे समजायला पाटी-पेन्सिल लागणार नाही. एका खाटेशी कार्डिअ‍ॅक अरेस्टची घंटा वाजली की नव्या मुली सगळ्याच्या सगळ्या तिकडं धावतात. चांगली सिस्टर दारातूनच ओरडते, "चौघी इथं, बाकीच्या आपापल्या खाटांकडं!" एकीनं छाती दाबायची, एकीनं श्वास बघायचा, एकीनं औषध काढायचं, एकीनं पळापळ करायची. सगळ्याच धावल्या तर पलीकडच्या खोलीतला म्हातारा ऑक्सिजनची नळी काढून बसतो, आणि ते कुणाला कळतही नाही. चौघींत भागणं, हीच तर कसोटी. फुटबॉलच्या समन्वयकाचीही हीच कसोटी असते.

आता ते चौघं उभे कसे राहतात ते. पाच रखवालदार म्हणजे त्यांच्यामध्ये चार फटी, आणि दोन्ही टोकांबाहेर दोन वाटा. एकूण सहा वाटा. ४-३ या मांडणीत पुढच्या फळीत चार जण हात जमिनीला टेकवून बसतात आणि त्यांच्यामागं तीन जण उभे. ३-४ मध्ये पुढं तीन, मागं चार. आकड्यांकडं पाहून वाटतं, यात काय एवढं? फरक आकड्यात कमी, कामात जास्त. एक पद्धत अशी की प्रत्येकाला एकच फट नेमून द्यायची. चेंडू हलला की मुसंडी मार, विचार नंतर. दुसरी पद्धत अशी की समोरच्या रखवालदाराला हातांनी थोपवून धर, त्याच्या डाव्या-उजव्या दोन्ही फटींवर नजर ठेव, चेंडू घेऊन पळणारा कुठून येतो ते बघ, मग हाल. दुसरीत पळणाऱ्याला चांगला अडवता येतो, पण 'बघ, मग हाल' यात अर्धा सेकंद जातो, आणि सगळा खेळच अडीच सेकंदांचा! ओसीसारख्या चपळ माणसाला थोपवून धरायला लावणं म्हणजे उत्तम थिएटर नर्सला दिवसभर चादरी मोजायला बसवण्यासारखं. चादरीही कुणीतरी मोजायलाच हव्यात म्हणा.

३-४ चा फायदा वेगळा आहे. तिघं तर येणारच, पण चौथा मागच्या चौघांतून कोण येईल ते आधी कळत नाही. याच जायंट्सकडे १९८१ पासून लॉरेन्स टेलर असा उभा राहून खेळायचा, आणि त्याला अडवायचं कुणी याचा हिशेबच दुसऱ्या संघांना लागत नव्हता. १८ नोव्हेंबर १९८५ रोजी त्यानं वॉशिंग्टनच्या जो थाइझमनला मागून धरलं, आणि थाइझमनच्या उजव्या पायाची दोन्ही हाडं मोडून बाहेर आली. टेलर स्वतःच उठून हात हलवून मदतीला बोलावत होता. थाइझमन पुन्हा कधी खेळला नाही. मुलांनी ती फिल्म शोधून बघू नये. मी नोकरीत असली मोडलेली हाडं पुष्कळ पाहिली, तरी तेही मला दुसऱ्यांदा बघवलं नाही. पाठीमागून कोण येतंय याची भीती त्या खेळात का मुरली आहे, ते मात्र त्यावरून समजतं. त्या बाजूच्या रखवालदाराला पगार जास्त मिळतो तो उगीच नाही.

इथल्या जुन्या मंडळींना हा खेळ पहिल्यांदा दिसला तो चॅनेल ४ वर, १९८२ पासून. आणि आठवत असेल तर तो 'फ्रिज'! शिकागो बेअर्सचा विल्यम पेरी, सुमारे बावीस स्टोनचा, म्हणून नाव रेफ्रिजरेटर. ३ ऑगस्ट १९८६ ला बेअर्स आणि डॅलस काउबॉइज वेम्ब्लीवर खेळले तेव्हा निम्मं लंडन त्यालाच बघायला गेलं होतं. लोक त्याच्या पोटाला हसत, पण तो उभा होता एका फार हुशार मांडणीत. बेअर्सचा समन्वयक बडी रायन यानं '४६' नावाची मांडणी काढली होती. नाव पडलं डग प्लँक या त्याच्या खेळाडूच्या अंगावरच्या नंबरावरून. तीत मधल्या तिन्ही रखवालदारांच्या अगदी नाकासमोर एकेक माणूस बसवायचा. म्हणजे त्या तिघांतला कुणीच शेजाऱ्याच्या मदतीला जाऊ शकत नाही. ज्याचं त्याचं भांडण ज्याच्या त्याच्या गळ्यात. मग टोकावरच्या रिचर्ड डेंटला रान मोकळं. २६ जानेवारी १९८६ च्या सुपर बोलमध्ये बेअर्सनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सना सात वेळा सॅक केलं, ४६-१० असा धुव्वा उडवला, आणि सामन्याचा मानकरी ठरला डेंट. गुण ४६, मांडणीही ४६. योगायोग बरं का, नाहीतर मुलं त्यात काहीतरी शोधत बसतील.

पण त्याच मोसमात, २ डिसेंबर १९८५ ला, मायामीनं त्यांना ३८-२४ नं हरवलं होतं. त्यांचा त्या वर्षीचा तो एकच पराभव. मायामीचा डॅन मरिनो चेंडू इतक्या झटपट सोडायचा की भिंत फुटेपर्यंत चेंडू गेलेला असायचा, आणि पुढं जास्त माणसं लावल्यामुळं मागं मोकळी जागा. चौघांच्या गणिताला कुणी चुकत नाही.

आता परत ओसीकडं. २००७ च्या ऑक्टोबरात, २८ तारखेला, जायंट्स वेम्ब्लीवर मायामीशी खेळले. उत्तर अमेरिकेबाहेर झालेला एनएफएलच्या नियमित मोसमाचा तो पहिला सामना. पाऊस, चिखल, ८१ हजारांवर माणसं. जायंट्स १३-१० नं जिंकले. ज्या शहरात जन्म झाला तिथं तो परत आला तो असा.

आणि तीनच महिन्यांनी, ३ फेब्रुवारी २००८ ला, सुपर बोल. समोर पेट्रियट्स, अठरा सामने खेळून अठरा जिंकलेले. त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी, मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक. हा बेलिचिक एकेकाळी जायंट्सचाच समन्वयक होता, लॉरेन्स टेलरच्या दिवसांत. त्या दिवशी स्पॅग्नुओलोनं काय केलं? फेकण्याची वेळ आली की मधल्या जाड्या गड्याला बाहेर काढायचा आणि टकला, जो मुळात टोकावरचा, आत आणायचा. मधले रखवालदार वजनदार लोकांना रेटायला सवकलेले. त्यांच्यासमोर एकदम चपळ माणूस आला की ते गांगरतात. टोकांवर ओसी आणि स्ट्रेहन होतेच. झेलणाऱ्यांवर नजर ठेवायला मागं भरपूर माणसं ठेवूनही त्यांनी ब्रेडीला पाच वेळा लोळवलं. जायंट्स १७-१४ नं जिंकले, आणि पेट्रियट्सचं अठरा वर्षांचं नव्हे, अठरा सामन्यांचं राज्य संपलं.

त्या पाच सॅकचा हिशेब बघा. टकचे दोन, स्ट्रेहनचा एक, काविका मिचेलचा एक, आणि शेवटच्या घटकेला जे अल्फर्ड या नवख्या मुलाचा एक. ओसीचा? शून्य. सप्टेंबरात एकट्यानं सहा करणारा ओसी सगळ्यांत मोठ्या दिवशी शून्यावर. टकनं ब्रेडीच्या हातातून उडवलेला एक चेंडू त्यानं उचलला तेवढाच. म्हणून तो वाईट खेळला का? मुळीच नाही. पेट्रियट्सना त्याच्या टोकावर डोळा ठेवावाच लागला, आणि तिकडं लक्ष गेलं की मधे फट पडते. मोजणारा पाडणाऱ्याचं नाव लिहितो. ज्याच्या धाकानं भिंत हलली त्याचं नाव लिहायला कागदावर रकाना नाही. हे मला नर्स म्हणून फार ओळखीचं वाटतं, पण त्यावर मी आता व्याख्यान देत नाही.

उलटही होतं. एका सामन्यातल्या सॅकचा विक्रम आहे सात, कॅन्सस सिटीच्या डेरिक थॉमसचा, ११ नोव्हेंबर १९९० चा. त्याच सामन्याच्या अगदी शेवटच्या चालीवर सिअ‍ॅटलचा क्वार्टरबॅक डेव्ह क्रीग त्याच्या मिठीतून निसटला, चेंडू फेकला, टचडाउन झाला आणि थॉमसचा संघ १७-१६ नं हरला. आठवा सॅक हातात आला होता, घोट्यासारखाच सुटला.

यानंतरची ओसीची तीन वर्षं मला सगळ्यांत महत्त्वाची वाटतात. २००७ मध्ये त्याचे तेरा सॅक. ऑगस्ट २००८ मध्ये सरावाच्या सामन्यात गुडघ्यातली गादी, जिला मेनिस्कस म्हणतात, ती फाटली आणि अख्खा मोसम गेला. २००९ च्या जानेवारीत स्पॅग्नुओलो सेंट लुइसचा मुख्य प्रशिक्षक होऊन गेला, त्याच्या जागी बिल शेरिडन आला. कागदावर मांडणी तीच ४-३. पण माणूस बदलला की कामाची वाटणी बदलते. ओसीचं आणि नव्या समन्वयकाचं जुळलं नाही. पळणाऱ्याला अडवण्यात तो कमी पडतो असं ठरलं, आणि मोसमाच्या उत्तरार्धात त्याची सुरुवातीच्या अकरातली जागा गेली. वर्षाचे सॅक सात. संघानं त्या मोसमात ४२७ गुण दिले, आणि शेरिडनची नोकरी एका वर्षात संपली. २०१० ला पेरी फ्यूएल आला आणि ओसी परत आपल्या टोकावर उभा राहिला. त्या वर्षी साडेअकरा सॅक! शिवाय दहा वेळा त्यानं समोरच्याच्या हातातून चेंडू उडवला.

तेरा, सात, साडेअकरा. माणूस तोच. मुलं म्हणतील, बघा, मांडणी बदलली की आकडा बदलला. पण थांबा, इथं गुडघ्यांवर लिहिणारी बाई मधे बोलणार. मेनिस्कसच्या ऑपरेशननंतर पाय सरळ होतो लवकर, पण त्या पायावर जोर देऊन एकदम वळायचा विश्वास यायला वेळ लागतो. टोकावरून वाकून आत वळणं, हेच तर ओसीचं हत्यार. २००९ हे दुखण्यानंतरचं पहिलं वर्ष. म्हणजे सात हा आकडा थोडा गुडघ्याचा आणि थोडा समन्वयकाचा. कोणाचा किती, ते वेगळं काढता येत नाही. पण जागा काढून घेण्याऐवजी त्याला फक्त फेकण्याच्या वेळी आणलं असतं, तर पायही सांभाळला गेला असता आणि कामही झालं असतं, असं माझं मत. पेशंट बरा होत असताना त्याला ड्यूटी हलकी देतात, काढून टाकत नाहीत.

५ फेब्रुवारी २०१२ ला जायंट्सनी पुन्हा त्याच पेट्रियट्सना हरवलं, २१-१७. त्या दिवशी पेट्रियट्सच्या पहिल्याच चालीला टक मधून ब्रेडीच्या अंगावर गेला. ब्रेडीनं घाईनं चेंडू भलतीकडं फेकला, आणि नियमभंग म्हणून जायंट्सना फुकटचे दोन गुण मिळाले. टकच्या नावावर सॅक नाही, काही नाही. ओसीला दुसरी अंगठी मिळाली. तो २०१५ ला निवृत्त झाला आणि नंतर बीबीसीवर हाच खेळ समजावून सांगायला लागला. आपल्यातल्या नातवंडवाल्यांनी त्याला तिथं पाहिलं असेल. स्पॅग्नुओलोनं पुढं कॅन्सस सिटीबरोबर आणखी तीन सुपर बोल जिंकले, २०२०, २०२३ आणि २०२४ मध्ये.

लंडनची गोष्ट तिथं थांबली नाही. एफे ओबाडा, जन्म नायजेरियाचा, दहाव्या वर्षी लंडनला आला, पोरकेपणात वाढला. लंडन वॉरिअर्स या हौशी संघाकडून जेमतेम पाच सामने खेळला आणि अमेरिकेत गेला. २३ सप्टेंबर २०१८ ला कॅरोलिनाकडून पहिल्याच सामन्यात त्यानं एक सॅक केला, एक चेंडूही झेलून पळवला. त्या वॉरिअर्सचा बचाव शिकवणारा होता एडन डर्ड, इथलाच माणूस. तो पुढं डॅलसच्या पुढच्या फळीचा प्रशिक्षक झाला, आणि २०२४ मध्ये सिअ‍ॅटल सीहॉक्सनं त्याला बचावाचा समन्वयक नेमलं. एनएफएलमध्ये समन्वयक झालेला तो पहिला ब्रिटिश. म्हणजे लंडननं आधी पाडणारा दिला आणि नंतर पाडणाऱ्यांना उभं करणारा.

तेव्हा मुलांनो, पुढच्या वेळी आजी-आजोबांना शेजारी बसवा आणि चेंडूकडं मुळीच बघू नका. चेंडू हलायच्या आधी पुढच्या फळीत किती जण हात टेकवून बसलेत ते मोजा. हलल्यावर किती जण आत शिरले ते मोजा, आणि कुणाला दोन-दोन रखवालदारांनी धरलंय ते बघा. आजी-आजोबांनी एक टोक धरावं, नातवंडांनी दुसरं. सामना संपल्यावर ज्याला सर्वांत जास्त वेळा दोघांनी धरलं, त्याचा नंबर लिहून संपादकांकडे पाठवा. सॅक कुणी केला ते पाठवू नका, ते टीव्हीवाले सांगतातच.